चौथं जाळं

मी आशा वर्कर झाल्यापासून गावात पुष्कळ बोलले आहे, पण माझं बोलणं कोणी लक्षात ठेवल्याचं मला आठवत नाही. लोहाच्या गोळ्या रोज घ्या म्हटलं, तर बाया त्या तांदळाच्या डब्यामागे ठेवून मोकळ्या व्हायच्या. मच्छरदाणी लावा म्हटलं, तर त्याच मच्छरदाणीनं तळ्यातले झिंगे धरले जायचे. माझं तोंड दुखायचं आणि गाव आपल्या जागी असायचं. त्यामुळे तालुक्याच्या गावी, मूलला, प्रशिक्षणाचं बोलावणं आलं आणि 'लक्षात राहील असं कसं सांगावं' असा विषय आहे हे कळलं, तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा प्रशिक्षणाला वेळेवर पोहोचले.

शिकवायला नागपूरहून आचल मॅडम आल्या होत्या. त्यांनी पडद्यावर समुद्रात तरंगणारा बर्फाचा डोंगर दाखवला. वर दिसतो तो थोडा, पाण्याखाली असतो तो जास्त, आजाराचंही तसंच असतं, असं त्या म्हणाल्या. माझ्या बाजूला सावली तालुक्यातली गुलाब बसली होती. एवढ्या बर्फात किती मासोळी टिकली असती, यातच तिचा जीव अडकला. मला तर सिकलसेल हा रक्ताचा आजार सोडून आपण या डोंगरावर कशासाठी आलो, तेच कळेना. मॅडमना आमची तोंडं वाचता येत असावीत. त्यांनी पडदा बंद केला आणि सांगितलं की तुमच्या माणसांनी रोज हातात धरलेली वस्तू घ्या आणि तिच्यावरून समजावा. "माणसं मुद्दा विसरतात, चित्र विसरत नाहीत," त्या म्हणाल्या. हे मला एकदम पटलं.

सांगायचं होतं ते असं. लेकराला आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन वाटे मिळतात. त्यातला एकच वाटा सिकलसेलचा असला तर माणूस ठणठणीत असतो, फक्त त्याला पिवळं कार्ड मिळतं. दोन्ही वाटे तसे आले तर लाल कार्ड, आणि मग जन्मभर दुखणं. नवरा-बायको दोघंही पिवळे असले तर त्यांना लाल लेकरू होऊ शकतं, म्हणून लग्नाआधी दोघांनीही रक्त तपासून घ्या. एवढंच. पण हे एवढंच मी आजवर कितीदा सांगितलं, आणि लोक विचारत, मग याच्यावर कोणती गोळी आहे?

घरी आल्यावर मी वस्तू शोधायला लागले. तांदळातला खडा घेतला, पण खडा निवडून टाकता येतो. दुधात पाणी घेतलं, पण आमच्या गावात पाणी नसलेलं दूध पाहिलंय कोणी? माझा नवरा डोमा अंगणात फेकायचं जाळं दुरुस्त करत बसला होता. त्याच्या हातातला दोरा दोन पदरांचा पिळलेला होता. मी पाहतच राहिले. एक पदर मायचा, एक पदर बापाचा! एक पदर उन्हात पडून कच्चा झाला तरी दुसऱ्याच्या जोरावर दोरा टिकतो, दोन्ही कच्चे निघाले तर जाळं फाटतं. मी डोमाला वीतभर दोरा मागितला. कशाला पाहिजे, हे त्यानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

समाजमंदिरात कार्यक्रम ठेवला. चार्टपेपरवर मी चार जाळी काढली, दोन पिवळ्या माणसांची होणारी लेकरं म्हणून. पहिलं चांगलं, मधल्या दोघांत एकेक पदर कच्चा, आणि शेवटचं फाटलेलं. लाल स्केचपेननं ते फाटलेलं जाळं असं काही जमलं होतं की पुढच्या बाया वाकून पाहायला लागल्या. दोरा मी हातोहात फिरवला. पहिल्यांदाच माझ्या कार्यक्रमात कोणी जांभई दिली नाही. मग माझी भाची दिव्यानी उभी राहिली. माझी मोठी बहीण गोकुळा याच गावात दिलेली आहे, तिची ही एकुलती एक मुलगी. बी.ए. झालेली, साक्षगंध झालेलं, उन्हाळ्यात लग्न. आम्ही आधी काही ठरवलं नव्हतं. ती आपल्या मनानं उठली आणि म्हणाली, "माह्याजवळ पिवळं कार्ड आहे. पाहा मले. मले काही झालं आहे का?"

बायांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी मोबाइलवर सगळं घेतलं, आणि संध्याकाळपर्यंत ते गावोगावच्या ग्रुपवर पोहोचलंही होतं. मॅडमचा फोन आला, उत्तम झालं म्हणून. गावात पोरंसोरंही एकमेकांना तुझा पदर कच्चा आहे म्हणून चिडवायला लागली. लोकांना माझं बोलणं शब्दन्शब्द आठवत होतं. हवेत असणं म्हणतात ते मी तेव्हा अनुभवलं, आणि ते काही फार दिवस टिकलं नाही.

दिव्यानीचं सासर ठरलं होतं ते वैनगंगेच्या पलीकडचं, गडचिरोली जिल्ह्यातलं गाव. तीही आमच्यासारखीच मासोळीवर जगणारी माणसं, थोडी धानाची शेती. मुलगा रोशन तिकडेच मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवायचा. त्याच्या वडिलांचा, मनसारामभाऊंचा, गोकुळाला फोन आला. लग्नाचं सध्या थांबवू म्हणाले. का ते सांगेनात. शेवटी म्हणाले, तुमच्याच बाईनं सांगितलं आहे, व्हिडिओ आहे आमच्याकडे.

गोकुळा तशीच तणतणत माझ्या दारात आली. तिनं मला काय काय म्हटलं ते सगळं मी लिहीत नाही. माझ्या पोरीला जाळं केलंस, आणि तेही फाटकं, हे त्यातलं सौम्य. मी तिला समजावत होते की फाटकं नाही, उलट टिकणारं म्हटलं आहे, हाच तर मुद्दा होता. मला खरंच कळत नव्हतं. ज्या चित्रानं भीती जायची, त्यानंच भीती कशी घातली? डोमा खाटेवर बसून ऐकत होता. तो म्हणाला की एक पदर कच्चा असलेलं जाळं कोणी घेत नाही. नवं जाळं घेताना दोरा बोटाला गुंडाळून झटका देतात. एक पदर सुटला की जाळं परत.

हे तू मला आधी का नाही सांगितलंस, असं मी ओरडले. "तू मले दोरा मांगतला," डोमा म्हणाला, "इचारलं थोडी."

मी जन्मभर मासोळी विकली आहे, जाळं विकत घेतलं नाही. ते पुरुषांचं काम. ज्यांना समजवायला मी जाळं निवडलं, त्यांनाच जाळं माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. आणि दिव्यानी? रोशनचा फोन आला की परसात जाऊन बोलायची आणि डोळे पुसून परत यायची. तिचं त्या मुलावर मन बसलं होतं. हे लग्न मोडलं तर ते माझ्या चार्टपेपरनं मोडलं असतं, आणि ते मला सहन होणार नव्हतं. डोमाला घेऊन मी नदी ओलांडली.

मनसारामभाऊंनी मान दिला. पाणी दिलं, चहा दिला, बसायला खुर्ची दिली. अंगणात बांबूवर जाळी वाळत होती. त्यांनी एका जुन्या दोऱ्याचा एक पदर दातानं अर्धवट तोडला, दोरा बोटाला गुंडाळला आणि झटका दिला. दोरा तुटला. ते चिडले नव्हते, हेच मला जास्त लागलं. "बाई, तुमचं खोटं थोडी आहे," ते म्हणाले. "तुम्ही सांगतलं ते मले पुरं समजलं."

मी म्हटलं, जाळं सोडा, बैलजोडी घ्या. एक बैल थोडा कमी असला तरी गाडी चालते. ते म्हणाले, पण तो बैल बाजारात कोण घेतो? मी म्हटलं, बरं, कवेलूचं छप्पर घ्या, एक कवेलू तडकलं तर घर पडतं का? ते म्हणाले, घर पडत नाही, पण गळतं. मी जी वस्तू उचलावी, तिच्यात यांना खोट दिसावी. डोमा तर मान हलवून त्यांनाच दुजोरा देत होता. माझी अक्कल संपली आणि तोंड सुटलं.

"पोट्टीचा दोरा ओढून पाहिला ना तुम्ही," मी म्हटलं. "पोट्ट्याचा कोण पाहीन?"

रोशन गाडीला टेकून उभा होता. त्याचं रक्त कोणी तपासलं नव्हतं. तपासायचं कोणाच्या मनातही आलं नव्हतं, कारण तो मुलगा होता आणि धडधाकट होता. तो म्हणाला, मावशी बरोबर बोलून राहिल्या, मी उद्या जातो. परत येताना नावेत मला जिंकल्यासारखं वाटत होतं. रोशनला एकही वाटा नसल्याचं पांढरं कार्ड मिळेल आणि सगळं सुरळीत होईल, असंच मी मनात धरलं होतं. दुसरं काही होऊ शकतं हे सगळ्यांत जास्त मला माहीत असायला पाहिजे होतं, पण माणूस आपल्या माणसाचा विचार करायला लागला की त्याचं शिकलेलं कुठे जातं कोणास ठाऊक.

अहवाल आला त्या दिवशी रोशनचाच मला फोन आला. आवाजात आनंद होता. "मावशी, मीबी पिवळाच निघालो," तो म्हणाला. "दोघंही सारखेच झालो ना. आता तं जमलं?"

मी नेटवर्क नाही असं म्हणून फोन ठेवला. चक्क खोटं बोलले. चुलीवर भात करपेपर्यंत मी तशीच बसून होते. मी ज्या मुलीच्या लग्नासाठी भांडले, त्या लग्नात दोन्ही पदर कच्चे निघाले होते, आणि ज्याला ते कळायला पाहिजे तो मला खुशखबर सांगत होता.

मी गोकुळाकडे जायच्या आतच मनसारामभाऊ रोशनला घेऊन तिच्याकडे पोहोचले. मला बोलावणं आलं. अंगणातल्या खाटेवर ते बसले होते, बाजूला मिठाईचा डबा. मला पाहून त्यांनी हात जोडले. पोरीबद्दल बोललो ते चुकलं, असं म्हणाले. माझ्याच पोराचा पदर कच्चा आहे, मी कोणत्या तोंडानं बोलू, असंही म्हणाले. गोकुळा इतक्या दिवसांनी माझ्याकडे नीट पाहत होती. तिनं चहा मांडला. दिव्यानी चौकटीला टेकून उभी होती आणि तिच्या तोंडावर मी कित्येक दिवसांत न पाहिलेलं हसू होतं.

"आन् बाई, घाबराचं काम नाई," मनसारामभाऊ म्हणाले. "म्या व्हिडिओ पुन्हा पुन्हा पायला. तुमच्या चार्टवर चार जाळे आहेत. फाटलं ते चवथं. आम्ही दोनावरच थांबवू."

त्यांनी ऑपरेशनचंही ठरवून टाकलं होतं. रोशन मान डोलावत होता. गोकुळानं सुटकेचा श्वास टाकला. सगळ्यांना गाठ सुटल्यासारखं वाटलं, आणि मला पायाखालची जमीन सरकल्यासारखं. फाटलेलं जाळं मी शेवटी काढलं होतं ते फक्त शेवटी बरं दिसतं म्हणून. चांगलं आधी, वाईट मागून, अशी आपली सवय.

"भाऊ," मी म्हटलं, "ते पहिलंबी असू शकते."

त्यांना वाटलं मी थट्टा करते. "पण तुम्ही चवथं काढलं."

मी सांगितलं की कुठंतरी काढायचंच होतं म्हणून तिथे काढलं. पहिल्या खेपेलाही तेवढीच भीती, दुसऱ्या खेपेलाही तेवढीच. एखाद्याला चारही चांगली होतात, एखाद्याला पहिलंच लाल होतं. मग चारात एक का म्हणता, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, समजा डब्यात चार चिठ्ठ्या आहेत, एक लाल. ते लगेच म्हणाले, एक काढली की तीनच राहतात, आणि दोन काढून थांबलं तर लाल डब्यातच राहू शकते. मी म्हटलं, काढलेली चिठ्ठी परत डब्यात टाकायची. परत का टाकायची, असं ते म्हणाले, झालेलं लेकरू परत कसं टाकणार? रोशन त्यांना समजवायला गेला आणि स्वतःच अडखळला. मला त्या डब्यातल्या चिठ्ठ्या उचलून चुलीत टाकाव्याशा वाटल्या, आणि चिठ्ठ्या तर नव्हत्याही.

मग मी चित्र, चिठ्ठी, सगळं सोडलं. माझ्याकडे एक लाल कार्डाची मुलगी आहे, मी म्हटलं, नाव सांगत नाही. कार्यक्रमात मी तिच्याबद्दल बोलले नाही, कारण लेकराचं दुखणं चारचौघांत काढू नये. थंडी पडली की तिची हाडं दुखतात. कशी दुखतात ते तिला सांगता येत नाही, ती नुसती कण्हते आणि हात लावू देत नाही. शाळा बुडते. रक्त चढवायला नेतो तेव्हा सुई पाहून ती ओरडायची, आता ओरडतही नाही. तिचे मायबाप दोघंही पिवळे आहेत, दोघंही धडधाकट, दोघंही चांगले. ती त्यांची पहिली आहे. औषधं आहेत, त्यानं थोडा आराम पडतो, पण ती बरी होईल असं मी तिच्या मायला कधी म्हणू शकले नाही.

कोणी काही विचारलं नाही. यात समजण्यासारखं काहीच कठीण नव्हतं.

रोशननं घसा साफ केला. पोटात असतानाच तपासता येतं असं त्यानं मोबाइलवर वाचलं होतं. मी हो म्हटलं, येतं, त्यासाठी नागपूरला जावं लागेल. मग तसं करू ना, असं तो दिव्यानीकडे पाहून म्हणाला. त्याच्या आवाजात इतकी आस होती की मला त्याची कीव आली. दिव्यानीनं विचारलं की आणि लाल निघालं तर? तो खाली पाहायला लागला. गोकुळा म्हणाली, तेव्हाचं तेव्हा पाहू, देव आहे. दिव्यानीनं आईकडे पाहिलंच नाही.

"रोशन," ती म्हणाली, "तुह्यात काही नाई, माह्यात काही नाई. हे दोघायचं मिळून आहे. मी नाई करत लगन."

तो काहीतरी बोलणार होता. तिनं हात वर केला. "दुसरी पोट्टी पाहाले जाशीन तं पहिले सांगजो, मी पिवळा आहो म्हणून. मी सांगतलं तसं. उभं राहून."

मग ती आत गेली. आत भांड्यांचा आवाज झाला, पण चहा बाहेर आला नाही. गोकुळा पदरात तोंड घालून रडायला लागली. मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण ती घेऊ देईल की नाही ते समजेना, म्हणून मी तशीच उभी राहिले. दिव्यानीनं बरोबर केलं की चूक, हे मला अजूनही सांगता येत नाही. तिच्या जागी मी असते तर मी रोशनचा हात धरला असता असंही वाटतं, आणि त्या मुलीचं कण्हणं आठवलं की नको वाटतं.

रोशन बाहेर जाऊन गाडीजवळ उभा राहिला. मनसारामभाऊ चपला घालून माझ्यापर्यंत आले. दोरा तोडून दाखवणारा माणूस तो हाच, हे तेव्हा कोणाला पटलं नसतं.

"बाई," ते हळूच म्हणाले, "दुसरं एखादं उदाहरण नाई का तुमच्याजवळ? ज्यात दोघायचंबी निभते?"

मी अंगणभर पाहिलं. सूप होतं, पाट्यावर वरवंटा होता, कोपऱ्यात धानाचं पोतं होतं. मी एकेक वस्तू मनात उचलून पाहिली आणि खाली ठेवली.

"नाई भाऊ," मी म्हटलं.

ते मान हलवून बाहेर गेले आणि रोशनच्या मागे गाडीवर बसले. मिठाईचा डबा खाटेवरच राहिला होता, आणि त्यांना हाक मारावी की मारू नये, हेही मला कळत नव्हतं.